वली पर्वत, वर्तमानकाळ

"या डोंगराचं नाव काय रे बाबा?" वन्संनी विचारलं.

बेनी सोडून तासभर झाला होता. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला डोंगर, आणि दोघांच्या मधे जेमतेम आमची जीप मावेल एवढा रस्ता. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर वाकून काचेतून वर पाहिलं, कारण वाकल्याशिवाय त्या डोंगराचा माथा दिसत नव्हता. मग म्हणाला, "नाम नहीं है आमा. ये हिमाल थोड़ी है. ये तो डाँडा है."

वन्संना काही हे पटेना. आम्ही साताऱ्याची माणसं. आमच्याकडे हातभर वर आलेल्या सुळक्यालाही नाव असतं, नावामागे गोष्ट असते आणि बहुधा पायथ्याला शेंदूर लावलेला एखादा देवही असतो. हा समोरचा बाबा कळसूबाईच्या सहज दुप्पट उंच, आणि त्याला नावच नाही? नेपाळात हिशेब वेगळा आहे. ज्याच्या डोक्यावर बारा महिने बर्फ, तो हिमाल. त्याला नाव, त्याला मान. बाकी सगळा नुसता पहाड. जगातल्या आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी आठ ज्या देशात किंवा ज्याच्या सीमेवर आहेत, तिथे तीन-साडेतीन हजारांच्या उंचवट्याला कोण विचारतो?

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'हिमालय हा अर्वाचीन वली पर्वत आहे' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं, याची मोजदाद नाही. वर्गात जमिनीवर सतरंजी पसरायची, एका बाजूने दोन मुलांनी धरायची, दुसऱ्या बाजूने दोघांनी ढकलायची. सतरंजीला वळ्या पडल्या की मुलं हसायची आणि हिमालय झाला. 'झाला', 'उचलला गेला', 'तयार झाला'. सगळी क्रियापदं भूतकाळी. निवृत्त झाल्यावर एकदा ते प्रत्यक्ष बघायचं होतं. वन्संना पितृपक्षात कागबेनीला जाऊन वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, श्राद्ध करायचं होतं. कागबेनी काळी गंडकीच्या काठी आणि काळी गंडकी म्हणजे माझा धडा. एकाच जीपच्या भाड्यात दोघींची कामं.

पोखऱ्यात उतरलो तेव्हा धो धो पाऊस होता. सप्टेंबर संपत आला तरी मान्सून हलायला तयार नव्हता. पोखऱ्याजवळच्या लुमले गावात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; म्हणजे आपलं महाबळेश्वरच. पण पोखऱ्याच्या पावसापेक्षा तिथली जमीन मला जास्त आठवते. सेती नदी या शहरातून वाहते ती जवळजवळ दिसतच नाही. पुलावर उभं राहिलं की पायाखाली एक अरुंद काळी फट, आणि तिच्या तळाशी पांढुरकं पाणी गरजत असतं. एवढी खोल फट पडायला मुळात जमीन मऊ हवी. ती मऊच आहे. इसवी सन ११९०च्या सुमारास अन्नपूर्णा-४ या शिखराचा माथा कोसळला आणि तो सगळा राडारोडा सेतीच्या खोऱ्यातून वाहत येऊन इथे साचला, असं भूशास्त्रज्ञांनी दाखवलंय. कोसळलेला दगड सुमारे तेवीस घन किलोमीटर. थोडक्यात, ज्या हॉटेलात आम्ही चहा पीत होतो ते एका पडलेल्या शिखरावर बांधलेलं होतं. मी हे वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुसरं हॉटेल बघायचं का?"

बेनीपासून रस्ता काळी गंडकीच्या कडेने वर चढतो. बेनी आठशे-साडेआठशे मीटरवर, तातोपानी बाराशेवर. तिथवर केळी, संत्री, भातखाचरं, माणसांच्या पाठीला डोको नावाची मोठी टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर. तातोपानी म्हणजे तप्त पाणी. नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. दाना गाव आलं आणि दरी एकाएकी आवळली. रुप्से नावाचा धबधबा थेट रस्त्याशेजारी कोसळतो. त्याचे तुषार जीपच्या काचेवर. मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हरला वाटलं, फोटो काढायचाय.

मला कातळ बघायचा होता. याच पट्ट्यातून हिमालयाची एक मोठी भेग जाते. भूशास्त्रज्ञ तिला मेन सेंट्रल थ्रस्ट म्हणतात. जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल भाजून निघालेला खडक या भेगेवरून सरकत वर आला आणि दुसऱ्या खडकांच्या डोक्यावर बसला. इथे डोंगर उभा का होतो, नदी उड्या का मारू लागते, गरम पाणी आसपास का निघतं, या सगळ्याची मुळं तिथे. आपल्या सह्याद्रीत कातळाचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे आडवे असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या चवडीला नंतर कुणी फारसा हात लावला नाही. इथे चवड कुणीतरी उचलून भिंतीवर आपटल्यासारखी. थर तिरके, उभे, काही ठिकाणी पिळलेले. ओल्या काळ्या दगडात चकाकणारा अभ्रक. हात लावला तर पापुद्रा हातात आला. हा असा डोंगर, आणि त्याच्या अंगाला चिकटवलेला रस्ता.

"दिदी, चलो," ड्रायव्हर म्हणाला. "यहाँ रुकने का नहीं." त्याची नजर माझ्याकडे नव्हती, वरच्या झाडीकडे होती.

घासाला पोचेपर्यंत केळी गेली, पाइन आले. लेते, काळोपानी. काळोपानी अडीच हजार मीटरवर. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिथल्या गच्चीवर उभी राहिले, तेव्हा मला माझ्या एकतीस वर्षांचा थोडा राग आला. पश्चिमेला धौलागिरी, ८,१६७ मीटर. पूर्वेला अन्नपूर्णेची रांग. तिचं मुख्य शिखर ८,०९१. दोन शिखरांत हवाई अंतर पस्तीस किलोमीटरच्या आतबाहेर. आणि मधे, आमच्या पायाशी, नदी. शिखरापासून पाण्यापर्यंत साडेपाच हजार मीटरचा उतार, आणि तो एकाच नजरेत. जगातली सर्वांत खोल घळ हीच की तिबेटातली यारलुंग त्सांगपोची, यावर वाद आहे. कुठून कुठवर मापता त्यावर तो अवलंबून. तिथे उभं राहून वाद घालण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एव्हरेस्ट मोजलं जाण्याआधी, काही दशकं धौलागिरीलाच जगातलं सर्वांत उंच शिखर मानत होते. मोजणारी माणसं दक्षिणेच्या सपाटीवरून दुर्बीण लावून बसली होती. मला ती चूक अगदी समजू शकते.

पण माझा मुद्दा नदीचा आहे. नदी डोंगराच्या उतारावरून खाली येते, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक. ही उलटीकडून येते. हिचा उगम या महाशिखरांच्या पलीकडे, उत्तरेला, तिबेटच्या सीमेजवळच्या मुस्तांगच्या कोरड्या पठारावर. तिथून ती निघते आणि पृथ्वीवरच्या सर्वांत उंच भिंतीतून आरपार दक्षिणेला जाते. याचं पुस्तकी स्पष्टीकरण असं: ही पूर्ववर्ती नदी. डोंगर वर येण्याआधी ती इथून वाहत होती. डोंगर वर येऊ लागला, ती कापत राहिली. तो जितका चढला तितकी ती खोल गेली. फळ्यावर याची आकृती काढायला दोन मिनिटं लागतात. हिंदुस्थानचा भूखंड आजही हिमालयाच्या खाली वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर सरकतोय. गच्चीवर हिशेब केला: मी नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तो दोन फूट आत गेला. आणि मी प्रत्येक जूनमध्ये मुलांना सांगत होते, झाला, झाला.

लार्जुंगपाशी दरी एकदम रुंद होते. नदीचं पात्र किलोमीटरभर पसरलेलं, नुसते गोटे, त्यात पाण्याच्या चार-पाच दोऱ्या. दरड कोसळून नदी अडली, तळी साचली आणि मग गाळाने भरून निघाली, त्याची ही सपाटी. वर बघितलं तर निळगिरीच्या कड्यावर माझी सतरंजी. खोटं नाही सांगत. चुनखडीचे करडे-पिवळे थर उजवीकडून येतात, वर चढतात, वळतात आणि स्वतःच्याच अंगावर परत फिरतात. एकच वळी, पण उंची काही किलोमीटर. समुद्राच्या तळाशी आडवा साचलेला चिखल सात हजार मीटरवर घडी घालून ठेवलेला. वन्संनीही मान वर करून पाहिलं. "पैठणी कपाटात घाईने कोंबावी तशी दिसतेय," त्या म्हणाल्या. मला हे उदाहरण एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तुकुचे गावात थकाली लोकांचे जुने वाडे आहेत: मोठाले चौक, कोरीव खिडक्या. इथून तिबेटचं मीठ खाली जायचं आणि खालचं धान्य वर. दोन्हींच्या मधे थकाली व्यापारी. १९५० साली मॉरिस हर्झोगची फ्रेंच तुकडी इथेच तळ देऊन होती. धौलागिरी चढून जाणं अशक्य दिसल्यावर ते अन्नपूर्णेच्या शोधात निघाले आणि नकाशा चुकीचा निघाला. आधी डोंगर कुठे आहे हे शोधायचं, मग चढायचं. ३ जूनला माथ्यावर पोचले; आठ हजारांवरचं माणसाने चढलेलं ते पहिलं शिखर.

सकाळचे अकरा वाजले नि वारा सुटला. सुटला म्हणजे कुणी दार उघडून सोडला तसा. इथे तो रोज येतो, वेळेवर येतो आणि नेहमी खालून वर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. वरचं मुस्तांगचं पठार उन्हाने तापतं, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालची हवा धावते. पण मधे आठ हजार मीटरची भिंत. वाट एकच, ही घळ. बोळातून गर्दी घुसावी तशी हवा घुसते. जोमसोमचं विमान सकाळीच येतं-जातं. दुपारी कुणी वैमानिक धाडस करत नाही. पात्रातली वाळू तोंडावर चाबकासारखी बसते. आम्ही दोघींनी ओढण्या गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवले. वन्संचा चष्मा होता, त्या फायद्यात.

मार्फा गाव या वाऱ्याला उत्तर म्हणूनच बांधलंय. घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ली अरुंद, वळणाची, फरशीची. फरशीखालून पाण्याची मोरी खळाळते. सपाट छपरांच्या कडेने लाकडाच्या मोळ्या रचलेल्या. बाहेर वादळ, गल्लीत पान हलत नाही. सफरचंदाच्या बागांसाठी हे गाव प्रसिद्ध. जेवायला ढिंडो मिळाला: फापराचं, म्हणजे कुट्टूचं, पीठ उकळत्या पाण्यात हाटून केलेला घट्ट गोळा. सोबत काळ्या डाळीची आमटी आणि तिला जिंबूची फोडणी. जिंबू ही इथल्या उंचावरची वाळवलेली पात; वास लसूण आणि कांदा यांच्या मधला. पितृपक्षात कांदा-लसूण चालत नाही, म्हणून वन्संनी वाटी दूर सरकवली. चुलीपाशी बसलेल्या थकाली दिदीला मी ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ये तो घास है." वन्संनी वाटी परत ओढून घेतली.

जोमसोमच्या पुढे पाऊस संपतो. वाई-पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर मी कित्येक सहली नेल्या, पर्जन्यछाया दाखवायला. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर, वाईत हजाराच्या आत. मुलं माना डोलवायची, पण दोन्हीकडे हिरवंच दिसायचं. इथे मान डोलवायची गरज नाही. लुमल्याला पाच हजार, जोमसोमला तीनशेच्याही आत. दोन दिवसांपूर्वी आमच्या चपलांना जळवा चिकटल्या होत्या. आता गवताची काडी नाही. डोंगर गेरूचे, राखेचे, हळदीचे. घरांची छपरं सपाट, मातीची; पाऊसच नाही तर उतार कशाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र कागबेनीतल्या ओढ्याला असा लोंढा आला की घरं, पूल चिखलात गेले. त्याच्या खुणा अजून दिसत होत्या: एका भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर वाळलेली मातीची रेघ.

श्राद्ध वारा सुटायच्या आत उरकायचं होतं. सकाळी सात वाजता संगमावर गेलो. नेपाळी भटजी, उच्चार थोडे निराळे, पण गोत्र विचारलं, तीन पिढ्यांची नावं विचारली, आणि वन्सं एकदम घरी असल्यासारख्या झाल्या. पिंड ठेवले. आता कावळा हवा. गावाच्या नावातच काग, तेव्हा तो यायलाच हवा. आला तो काळाभोर, चकचकीत, पण चोच लालभडक आणि पायही लाल. डोंगरकावळ्याची जात ही. त्याने मान वाकडी केली, पिंडाला टोचलं आणि नीट खायला सुरुवात केली.

वन्सं माझ्याकडे बघू लागल्या. "लाल चोचीचा चालतो का गं?"

"मामंजींना कसला विधिनिषेध होता?" मी म्हटलं. सासऱ्यांना पान खायची सवय होती. त्यांचीही चोच कायम लालच. वन्सं आधी हसल्या, मग रडल्या.

पात्रात बायका-पोरं वाकून गोटे उलटत होती. शाळिग्राम शोधत होती. गोलसर काळा दगड घ्यायचा, दुसऱ्या दगडाने नेमका टोला द्यायचा, की तो सुपारीसारखा दुभंगतो, आणि नशीब असेल तर आत चक्र. पुराणात वृंदेच्या शापाने विष्णू दगड झाला, आणि वज्रकीटकाने दगड पोखरून आत चक्रं कोरली. आमच्या पुस्तकात तो अमोनाइट: शिंपल्यासारखं कवच असलेला, माखळीच्या कुळातला सागरी जीव. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाशी काळ्या चिखलात रुतला. सह्याद्री तेव्हा जन्मालाही आला नव्हता. म्हणजे तुळशीच्या लग्नात आपण जो नवरा उभा करतो तो खरोखरच समुद्रातून आलाय. एका बाईने माझ्या तळहातावर अर्धा दगड ठेवला. चक्राच्या कडेला बारीक कंगोरे, दोऱ्याने आवळल्यासारखे. मी नखाने मोजले, तेवीस. दगड थंडगार होता आणि त्याला ओल्या पाटीसारखा वास येत होता. शाळिग्राम विकत घेऊ नये असं शास्त्र आहे, असं वन्सं म्हणाल्या. तो दक्षिणा देऊन घ्यावा. दक्षिणा बाईने सांगितली, वन्संनी घासाघीस केली. शास्त्र तेवढ्यापुरतं गप्प बसलं.

मुक्तिनाथाबद्दल फार लिहीत नाही. ते पुष्कळांनी लिहिलंय. सदतीसशे मीटरच्या वर, दम लागतो. एकशे आठ धारा, सगळ्या गोमुखी, पाणी सुयांसारखं. वन्सं एकूणएक धारेखालून गेल्या, मी सातव्या धारेला माघार घेतली. मला ओढ होती ती ज्वालामाईची. एका छोट्या मंदिरात, जाळीच्या मागे, झुळझुळणाऱ्या पाण्यापाशी निळसर ज्योत जळते. जमिनीच्या पोटातून निघणारा नैसर्गिक वायू आहे तो. देखरेख बौद्ध भिक्षुणी करतात, पाया हिंदूही पडतात. ज्योत बोटभर, दिव्याच्या वातीएवढी. मी गुडघे टेकून बघत राहिले, तोवर मागची रांग ओरडू लागली.

परतताना विमानाचं तिकीट होतं. जोमसोमला आकाश निरभ्र, पोखऱ्यात ढग. नऊ वाजले, दहा वाजले, वाऱ्याची वेळ झाली आणि विमान रद्द. पुन्हा तीच जीप, तोच ड्रायव्हर. आम्हाला बघून त्याला मनापासून आनंद झाला. त्याला दशैंसाठी, म्हणजे तिथल्या दसऱ्यासाठी, बेनीला घरी जायचंच होतं, आता भाडंही मिळालं. कतारमध्ये चार वर्षं ट्रक चालवून आलेला पोरगा. "वहाँ सब सीधा है दिदी," तो म्हणाला. "चार साल में एक मोड़ नहीं आया. नींद आती थी."

दानाच्या अलीकडे गाड्यांची रांग दिसली. पहिरो. दरडीला नेपाळीत पहिरो म्हणतात. पन्नास पावलांवर रस्ता संपला होता आणि त्या जागी ओली, तपकिरी घसरण वरच्या रानापासून थेट नदीत गेली होती. तिच्यावर एक पिवळा जेसीबी खेळण्यासारखा. तो बादलीभर ढकलायचा, डोंगर वरून तेवढंच द्यायचा. अधूनमधून एखादा दगड सुटायचा आणि टक, टक, टक करत खाली जायचा. आवाज थांबेपर्यंत रांगेतलं कुणी बोलत नव्हतं. मी त्या उघड्या पडलेल्या खडकाकडे बघत होते. अभ्रक उन्हात चमकत होता. ताजी जखम, अजून धूळही बसली नव्हती.

तेवढ्यात मागून घंटा वाजल्या. मुस्तांगहून च्यांग्रा बोकडांचा कळप आला, तीन-चारशे तरी असतील: लांब केस, वाकडी शिंगं, काळे, करडे, पांढरे. दशैं जवळ आला की हे कळप घळीतून खाली पोखऱ्याकडे येतात. कशासाठी, ते सांगायला नको. वन्संनी विचारलंही नाही. मेंढपाळाने जेसीबीवाल्याला हात केला. त्याने इंजिन बंद केलं. पुढचा दाढीवाला बोकड घसरणीच्या काठाशी आला, हुंगलं, एक पाय टाकून बघितला आणि चालू लागला. मागचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवत, एका ओळीत. एकही दगड सुटला नाही. दहा मिनिटांत कळप पलीकडे होता. मग जेसीबी पुन्हा सुरू झाला आणि आम्ही पुन्हा बसून राहिलो.

आमचा नंबर साडेतीन तासांनी लागला. ड्रायव्हरने आरसा दुमडून घेतला, पहिला गिअर टाकला. चाकाखाली माती दबत होती, ते बसल्या जागी कळत होतं. मधोमध आल्यावर वन्संनी विचारलं, "याला तरी काही नाव आहे का रे?"

"अभी नहीं आमा," तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "कल रात को ही तो आया है."